ओलीवर रंग चढवण्याआधी

प्रश्न : पुण्यात कोथरूड भागात आमच्या आईवडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत १९९२ची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई ७४ वर्षांची असून तिला नाशिकला माझ्याकडे आणून फ्लॅट विकायचे ठरले आहे. गेल्या चार महिन्यांत अकरा कुटुंबे घर पाहून गेली, पण दुसऱ्यांदा कोणीही आले नाही. एजंट म्हणतात की पाच लाख खर्चून मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग करून घ्या. हैदराबादचा भाऊ म्हणतो की एक रुपयाही घालू नका, सामानासकट विकून टाका. मागच्या बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. पुट्टी मारून रंग दिला की ती दिसणार नाही, असेही एजंटांचे म्हणणे आहे. परक्या माणसांनी कपाटे उघडली की आईला वाईट वाटते आणि हॉलमधला वडिलांचा फोटो हलवायला ती तयार नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा रंगाचा किंवा किचनचा प्रश्न सुचलाच नाही. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. आणि कोथरूडमधील १९९२च्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत घर पाहायला येणारा माणूस नेमका तोच प्रश्न मनात घेऊन जिना चढत असतो. सोसायटीने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खालील ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात सांगितलेल्या रीतीने विशेष सर्वसाधारण सभा घेऊन विकसक निवडला असेल, तर ग्राहक तुमच्या भिंती विकत घेत नसून नव्या इमारतीत मिळणारे क्षेत्रफळ विकत घेत असतो, आणि अशा वेळी घराच्या आतल्या कामावर केलेला खर्च पाडकामाच्या राडारोड्यात जातो. तेव्हा आधी सेक्रेटरींना भेटा. तसे काही ठरलेले नसेल आणि पुढची काही वर्षे ही इमारत आहे तशीच राहणार असेल, तरच पुढचे सारे तुमच्या उपयोगाचे आहे.

एजंटांचा पाच लाखांचा सल्ला मी मानणार नाही. जुन्या इमारतीतला फ्लॅट घेणारे कुटुंब बहुधा परिसर, शाळा, हवा आणि उजेड पाहून घेते व स्वयंपाकघर राहायला येण्यापूर्वी आपल्या सोयीने नव्याने करूनच घेते. त्यांना ओटा किती उंच हवा, शेगडी कुठे हवी, मिक्सरसाठी प्लग कुठे हवा, हे त्या घरातली माणसे ठरवणार. तुम्ही निवडलेल्या लाल चकचकीत शटरचे पैसे ते देणार नाहीत. उलट, नवेकोरे किचन तोडायचे जिवावर आले तर घरच नको म्हणतील. फॉल्स सीलिंगबद्दल तर माझा अनुभव अधिकच वाईट आहे. जुन्या घराचे छत आधीच फार उंच नसते, त्यात अर्धा फूट खाली आलेले पांढरे आच्छादन पाहून एका ग्राहकाने माझ्यासमोर घरमालकांना विचारले होते, ‘वर काय झाकले आहे?’ वर काहीही झाकलेले नव्हते. पण शंका निघाली ती निघालीच, आणि तो व्यवहार पुढे सरकला नाही.

भावाचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. शोभेवर पैसे घालू नयेत, पण शंका उत्पन्न करणाऱ्या गोष्टींवर अवश्य घालावेत. घर पाहणारा माणूस वीसेक मिनिटे घरात असतो आणि त्या वेळात त्याला नळ गळताना दिसला, स्विचबोर्ड काळवंडलेला दिसला, दार कुरकुरले, तर तो त्या नळाची किंमत मनात धरत नाही. न दिसलेल्या दहा गोष्टीही अशाच असतील असे गृहीत धरून तो लाखांत वजाबाकी करतो. अकरा कुटुंबांपैकी एकही परत आले नाही, याचे कारण मला जुन्या किचनपेक्षा मागच्या बेडरूममध्ये असावे असे वाटते.

म्हणून त्या ओलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. भिंत फक्त पावसाळ्यात भिजते की उन्हाळ्यातही दमट असते, हे आईंना नक्की ठाऊक असेल. आधी त्यांना विचारा. फक्त पावसाळ्यात भिजत असेल तर पाणी बाहेरून येत आहे : बाह्य गिलाव्याला गेलेल्या भेगा, छज्जा जिथे भिंतीला मिळतो तो सांधा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, किंवा गच्चीवरून खाली येणारा पावसाच्या पाण्याचा फुटका पाइप. बारा महिने ओल असेल तर शेजारच्या किंवा वरच्या न्हाणीघराकडे बोट जाते. तिथला न्हाणी ट्रॅप (सांडपाणी वाहून जाते ती जाळीखालची वाट) बंद करून जमिनीवर चोवीस तास पाणी साठवून ठेवले की खालच्या डागात फरक पडतो का, ते दिसते. आणखी एक साधी चाचणी घरी करता येते. फूटभर लांबरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी दवाचे थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले असतील तर पाणी भिंतीतूनच येत आहे आणि खोलीकडच्या बाजूला जमले असतील तर ती केवळ कोंदट हवा आहे. दुसऱ्या प्रकाराला खिडक्या उघड्या ठेवणे आणि भिंतीला चिकटून उभे असलेले कपाट वीतभर पुढे ओढणे एवढाच उपाय अनेकदा पुरतो.

पाणी बाहेरून येत असेल तर दुरुस्तीही बाहेरूनच व्हायला हवी, आणि तो खर्च तुमचा एकटीचा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, पावसाचे पाणी आणि सामाईक पाइपांतून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते; घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती ज्याची त्याने. आईंच्या सहीने सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेरचे काम झाल्यावर आतला फुगलेला रंग व पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडून काढा आणि भिंत सुकू द्या. या टप्प्यावर सगळे घाई करतात. लोणा लागलेल्या भिंतीत विटा आणि गिलाव्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जाते आणि मागे राहिलेले क्षाराचे स्फटिक वरच्या रंगाला आतून ढकलत राहतात. म्हणूनच कितीही महागडा रंग लावला तरी त्याचे पोपडे निघतात. ती पांढरी भुकटी पाण्याने धुऊ नये, कारण धुतल्याने क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून काढावी, काही दिवस थांबावे, पुन्हा आली तर पुन्हा झाडावी.

आता पुट्टी मारून डाग लपवण्याविषयी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला पण साधारण काळजी घेऊनही ग्राहकाच्या लक्षात न येणारा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष ग्राहकाला सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि तो मुद्दाम न सांगणे हे कायदा फसवणूक मानतो. एजंट व्यवहारानंतर दलाली घेऊन मोकळे होतील. खरेदीखतावर सही आईंची असेल. कायदा बाजूला ठेवला तरी, ताज्या रंगाचा वास फक्त मागच्याच खोलीत येत असेल तर ग्राहकाला कशाचा संशय येईल हे वेगळे सांगायला नको. त्याऐवजी ओल असतानाचे, खरवडल्यावरचे आणि काम पूर्ण झाल्यावरचे फोटो काढून ठेवा, कारागिराची पावती जोडा आणि विचारण्याआधी स्वतःहून दाखवा. ‘इथे ओल होती, बाहेरून असे काम करून घेतले’ हे वाक्य ऐकल्यावर माणूस घराच्या उरलेल्या भागाविषयी निर्धास्त होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आतल्या मांडणीकडे वळू. पस्तीसेक वर्षे नांदत्या घरात वस्तू कमी होत नाहीत, साचत जातात. तुमच्या हॉलचे मी चित्र रंगवतो, चुकले तर हसून सोडून द्या : दारामागे चपलांचा स्टँड आणि छत्र्या, खिडकीला टेकून दिवाण, समोर काचेची शोकेस, तिच्यात रुखवतातल्या बाहुल्या आणि मुलांचे कप, शिवाय आलेगेले बसावे म्हणून एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. यातली एकही वस्तू वाईट नाही. पण ग्राहकाला तिथे आपला सोफा, आपल्या मुलाचे टेबल मनाने ठेवून पाहायचे असते आणि त्यासाठी जमीन दिसावी लागते. खिडकीसमोरचे सगळे काढा, दिवाण दुसऱ्या भिंतीला लावा आणि दारातून खिडकीपर्यंत नजर अडणार नाही एवढे करा. हॉल आहे तेवढाच राहील, पण मोठा वाटेल. पॅसेजमध्ये कपाट असेल तर ते आधी हलवा, कारण अरुंद पॅसेजमधून तिरके होऊन जावे लागले की पुढच्या दोन्ही खोल्या लहानच भासतात. माळ्यावरच्या ट्रंका, पिंपे, जुन्या गाद्या आणि भाड्याने द्यावीत एवढी पातेली खाली उतरवून वाटून टाका. गच्च भरलेला माळा पाहून ग्राहक ‘केवढी जागा आहे’ असे म्हणत नाही, ‘यांनाच जागा पुरत नाही’ असे म्हणतो.

घर पूर्ण रिकामेही करू नका. रिकाम्या खोलीचा अंदाज येत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत डबलबेड मावेल का, हे बेड पाहिल्याशिवाय बहुतेकांना पटत नाही. शिवाय मोकळ्या भिंतींवर खिळ्यांची भोके आणि कॅलेंडरमागचे फिके चौकोन तेवढे दिसत राहतात. हॉलमध्ये दिवाण व दोन खुर्च्या, एका बेडरूममध्ये पलंग, दुसरीत टेबल-खुर्ची, स्वयंपाकघरात रोज लागणारी भांडी एवढे राहू द्या. आई नाशिकला गेल्यावर घर बंद राहणार असेल तर दर आठवड्याला कोणाला तरी पाठवून प्रत्येक न्हाणी ट्रॅपमध्ये व कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा. ट्रॅपमधले पाणी सुकले की ड्रेनेजची दुर्गंधी आणि झुरळे दोन्ही वर येतात, आणि बंद घराचे दार उघडताच येणारा तो वास घालवायला कोणतीही अगरबत्ती पुरत नाही. कपाटांतल्या डांबराच्या गोळ्याही काढून टाका.

फरशी. त्या काळातल्या पुण्यातल्या इमारतींत बहुधा मोझॅक असते. तुमच्याकडेही तीच असेल तर तिच्यावर नव्या टाइल्स बसवू नका. जमीन उचलली जाते, दारे खालून तासावी लागतात आणि उंबरठ्याशी ठेच लागते. मशिनने पॉलिश करून घ्या. त्या कामात चिखल फार होतो, म्हणून ते रंगाच्या आधी.

रंग एकच निवडा आणि सगळ्या घराला तोच द्या : किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा. एक जांभळी भिंत, एक पोपटी भिंत हा प्रकार राहणाऱ्यांच्या हौसेसाठी ठीक आहे, पण विकताना तो ग्राहकाला ‘हे आधी पुसावे लागेल’ याचीच आठवण देतो. दिव्यांच्या बाबतीत खोक्यावर छापलेला, प्रकाशाची पिवळी-निळी छटा सांगणारा केल्व्हिनचा आकडा पाहावा. एकाच खोलीत ६५०० केल्व्हिनची निळसर पांढरी ट्यूब आणि २७०० केल्व्हिनचा पिवळा दिवा असला की एकच भिंत दोन रंगांची आणि मळकट दिसते. हॉल व बेडरूमना ३०००, स्वयंपाकघर व न्हाणीघरांना ४००० असे ठरवून सगळे एलईडी दिवे बदला. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परतावा देणारा खर्च आहे. पंख्यांची पाती, खिडक्यांच्या काचा, डासांच्या जाळ्या धुवा. गंजलेल्या ग्रिलला ऑइलपेंटचा एक हात द्या.

स्वयंपाकघरात नव्याने काही करायचे नाही. जे आहे त्यावरचा तेलाचा चिकट थर तेवढा काढायचा आहे, विशेषतः एक्झॉस्ट पंखा, त्याभोवतीच्या टाइल्स आणि सिलिंडरच्या बाजूचा कोपरा इथला. गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि कोणाचे तरी दोन दिवसांचे कष्ट. ओटा रिकामा ठेवा. न्हाणीघरात टाइल्सच्या काळ्या पडलेल्या सांध्यांतले ग्राऊट खरवडून नवे भरा, गळके नळ आणि फ्लश दुरुस्त करा, कमोडचे झाकण बदला. घरात अजून जुन्या फ्यूज असतील तर इलेक्ट्रिशियनकडून एमसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच) बसवून घ्या. हे सजावटीत मोडत नाही, पण मीटरपाशी थांबून वर पाहणारा ग्राहक हाच खरा गंभीर ग्राहक असतो. ओलीचे आतले काम, पॉलिश, रंग, दिवे आणि ही किरकोळ दुरुस्ती धरून लाख-सव्वा लाखाची मर्यादा घाला आणि कारागीर मोह घालतील तेव्हा ती आठवा.

आता आईंविषयी. वडिलांचा फोटो हलवा असे मी सांगेन, ही भीती तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत मला दिसली. चंदनाचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर असला की आलेली माणसे आवाज खाली आणतात, दोन मिनिटांत निरोप घेतात. दुसऱ्याच्या दुःखाच्या खोलीत आपला टीव्ही कुठे लागेल हे कोण विचारणार? हे खरे आहे. पण ‘ग्राहकांसाठी फोटो काढू या’ असे तुम्ही आईंना म्हणू नका. नाशिकच्या घरात त्यांची खोली आधी लावा, तिथे फोटोची जागा त्यांनाच निवडू द्या, देवघरासाठी कोपरा तयार करा; आणि पुढच्या फेरीत त्या स्वतः फोटो व देव बरोबर घेऊन येतील असे पाहा. वडिलांनी आईंच्या आधी नव्या घरी जाऊन बसणे, असे ते होईल. यासाठी दोन महिने जास्त लागले तर लागू द्या. त्यांच्या संमतीशिवाय घाईने उतरवलेला फोटो पुढे तुमच्या दोघींच्या बोलण्यात वर्षानुवर्षे येत राहील.

कपाटांचा प्रश्न मात्र सोपा आहे. भिंतीत बसवलेली कपाटे घराबरोबर जातात, म्हणून ती उघडून पाहणे ग्राहकाला आवश्यकच असते. ती एक तृतीयांश रिकामी ठेवा आणि आईंचे खाजगी काही त्यांत ठेवू नका. लोखंडी कपाट आईंचे आहे, त्याला कुलूप लावा व किल्ली त्यांच्या कमरेला राहू द्या. लोक येतील तेव्हा आईंनी शेजारी चहाला जावे हे उत्तम. घरमालकीण समोर बसलेली असली की पाहुणे संकोचतात, आणि त्यांनी भिंतीवर टकटक केली की आईंचे मन दुखते. शेवटच्या पाच मिनिटांना त्यांना बोलवा. पाणी किती वेळ येते, दुपारी कोणती खोली थंड असते, शेजारी कसे आहेत, हे त्यांच्याइतके खरे कोणीही सांगू शकणार नाही.

घर कधी दाखवायचे, हे खिडक्यांच्या दिशेवर ठरवा. पश्चिमेची खिडकी असलेला हॉल एप्रिलच्या दुपारी चार वाजता दाखवणे म्हणजे स्वतःहून किंमत कमी करणे. जाहिरातीचे फोटोही सकाळच्या उजेडात, पडदे सारून, दिवे लावून, मोबाइल छातीच्या उंचीवर आडवा धरून काढा. वाइड अँगलचा मोह टाळा. फोटोत मैदानासारखी दिसलेली बेडरूम प्रत्यक्ष पाहताना ग्राहकाचा पहिला उद्गार निराशेचा निघतो. उलट, टेपने मोजलेली प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दारांची रुंदी, फ्रिज व वॉशिंग मशिनच्या जागा आणि एकूण कार्पेट क्षेत्रफळ (म्हणजे आतली वापरायची जागा) एका कागदावर लिहून त्याच्या प्रती ठेवा. १९९२च्या करारनाम्यात बहुधा भिंतींसकट मोजलेले बिल्टअप क्षेत्रफळ असते आणि आजचा ग्राहक कार्पेट विचारतो. दोन आकड्यांत घोळ झाला की विश्वास तिथेच संपतो. मूळ करारनामा, इंडेक्स-२ (त्याच्या सरकारी नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची व मेंटेनन्सची शेवटची पावती यांच्या झेरॉक्स त्याच फाइलमध्ये असाव्यात. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचेच नाव असेल, तर रंगाऱ्याच्या आधी वकिलांना भेटा.

वास्तुशास्त्रासाठी काहीही तोडफोड करू नका. ज्यांना ते पाहायचे असते ते होकायंत्र घेऊनच येतात आणि ईशान्येला संडास असेल तर तो आरसा लावून हलत नाही.

भाऊ म्हणतो तसे सामानासकट विकायचे असेल तर ती बोली शेवटी करा. जाहिरातीत ‘फर्निचरसह’ लिहिले की ग्राहक त्या जुन्या फर्निचरकडे किंमत मोजायच्या नजरेने पाहू लागतो. व्यवहार ठरत आल्यावर ‘पलंग आणि डायनिंग टेबल हवे तर राहू द्या’ म्हटले की तीच वस्तू भेट ठरते.

कामांचा क्रम असा लावा. गळतीचा उगम आत्ताच, पाऊस असतानाच शोधा, कारण कोरड्या दिवसांत तो सापडत नाही. पितृपक्षात घर पाहायला तसेही फारसे कोणी फिरकत नाही. तो पंधरवडा माळे उतरवायला आणि फरशी पॉलिश करायला वापरा. पुण्यातून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. बाहेरचे काम त्यानंतर करा, भिंत सुकली की मगच आत रंग लावा. यात दसऱ्याचा मुहूर्त हुकेल आणि एजंट नाराज होतील, होऊ द्यात. जुनी जाहिरात मात्र आजच काढून टाकायला सांगा, म्हणजे बारावे कुटुंब ओली भिंत पाहून जाणार नाही.